सोळा बाय सोळा : पिक्सेल स्प्राइटची सुरुवात

स्प्राइट म्हणजे संगणकीय खेळात पार्श्वभूमीपासून सुटी राहून हलणारी लहानशी आकृती. धावणारा नायक, त्याच्यावर चालून येणारा शत्रू, गरगर फिरणारे नाणे, सुटलेली गोळी हे सगळे स्प्राइटच. अशी आकृती एकेक पिक्सेल विचारपूर्वक ठेवून रचली की ती पिक्सेल आर्ट ठरते. एखादे छायाचित्र आकसून त्याचे चौकोन दिसू लागले म्हणून त्याला हे नाव देता येत नाही. छायाचित्र लहान करताना संगणक शेजारशेजारच्या रंगांची सरासरी काढतो. त्या सरासरीत डोळा, नाकपुडी आणि गालावरची सावली एकाच मळकट ठिपक्यात मिसळून जातात. चित्रकार सरासरी काढत नाही, निवड करतो. डोळा ठेवायचा की नाक, हे त्याला ठरवावे लागते, कारण दोन्हींना पुरेल एवढी जागाच नसते.

१६×१६ च्या जाळीत २५६ चौकोन असतात. त्यातला एक चौकोन डावीकडून उजवीकडे सरकला तर चेहऱ्याचा भाव बदलतो, तलवारीची काठी होते, पाय लंगडा वाटू लागतो. नवशिक्याच्या दृष्टीने या कलेचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे: चूक लपत नाही आणि दुरुस्तीला एक क्लिक पुरते. कागदावरच्या चित्रकलेत हात बसायला वर्षे जातात. इथे हाताच्या सफाईपेक्षा नजर आणि निर्णय जास्त कामी येतात, आणि निर्णय घेण्याचा सराव पहिल्याच दिवशी सुरू होतो.

या कलेचे नियम यंत्रांच्या अडचणींतून जन्मले, म्हणून थोडा इतिहास माहीत असणे उपयोगाचे ठरते. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. त्यातला सगळ्यात लहान, माकुळासारखा शत्रू ८ पिक्सेल रुंद आहे, खेकड्यासारखा ११ आणि ऑक्टोपससारखा १२. उंची तिघांचीही ८. छटा नाहीत, पिक्सेल एकतर पेटलेला, नाहीतर विझलेला. प्रत्येकाची दोनच चित्रे आलटूनपालटून दाखवली जातात आणि तेवढ्यावर ते चालताना दिसतात. आज हे आकार जगभर पाहताक्षणी ओळखले जातात ते केवळ त्यांच्या बाह्याकृतीमुळे.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा खेळसंच १९८३ साली जपानात आला. त्याचे चित्र २५६×२४० पिक्सेलांचे होते. स्प्राइटचा मूळ तुकडा ८×८ चा, आणि असे जास्तीत जास्त ६४ तुकडे एका वेळी पडद्यावर ठेवता येत. एका आडव्या ओळीत आठांहून अधिक आले की नववा दिसतच नसे. गर्दीच्या प्रसंगी त्या खेळांत पात्रे लुकलुकतात ती यामुळे: प्रोग्रॅमर प्रत्येक फ्रेमला वेगळा तुकडा गाळून सगळ्यांना आळीपाळीने दाखवत असे. प्रत्येक तुकड्याला तीन रंग मिळत. चौथी जागा पारदर्शकतेची. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ च्या खेळाची सगळी चित्रे, म्हणजे पात्रे, विटा, नळ, अंक, अक्षरे, ८ किलोबाइटमध्ये कोंबलेली आहेत. त्यातले ढग आणि झुडपे हा एकच आकार आहे; रंग तेवढा पांढऱ्याचा हिरवा केला आहे.

त्या खेळातला लहान मारिओ जवळून पाहावा. त्याचे केस, मिशी, डोळा, सदरा आणि बूट एकाच तपकिरी रंगात आहेत. टोपी आणि डांगरी लाल. चेहरा, हात आणि डांगरीची बटणे त्वचेच्या रंगात. रंग तीनच, पण हाताच्या मागे डांगरी आणि डांगरीच्या मागे सदरा अशी आलटापालट केल्यामुळे एकही अवयव दुसऱ्यात बुडत नाही. त्याला टोपी आहे, कारण १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतो यांना एवढ्याशा जागेत केस आणि कपाळ दाखवणे अवघड वाटले. मिशी आहे, कारण तिच्यामुळे नाक उठून दिसते आणि तोंड काढावेच लागत नाही. ज्याला जगभरची मुले ओळखतात त्या माणसाचे रूप असे पिक्सेलांच्या टंचाईतून ठरले. १९८७ च्या ‘मेगा मॅन’मध्ये तीन रंग कमी पडले तेव्हा नायकाचा चेहरा वेगळा स्प्राइट म्हणून त्याच्या निळ्या शरीरावर बसवला गेला. अशा युक्त्या शोधत जुने स्प्राइट न्याहाळणे हा आजही उत्तम अभ्यास आहे, मात्र दुसऱ्याचा स्प्राइट आपल्या खेळात वापरणे हा कॉपीराइटचा भंग ठरतो.

नव्वदच्या दशकात भारतातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत टीव्हीला जोडून खेळायचे जे ‘व्हिडिओ गेम’ आले, त्यांतले पुष्कळसे फॅमिकॉमच्या नकला होते. मारिओ आणि ‘कॉन्ट्रा’ मराठी घरांत पोचले ते त्या वाटेने. त्यानंतर नोकिया ३३१० या फोनच्या ८४×४८ च्या पडद्यावर साप फिरू लागला. म्हणजे चाळिशीच्या आसपासचा वाचक या कलेची फळे नकळत पाहतच मोठा झाला आहे.

खेळांच्या बाहेरही ही रीत रुजली. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिन्टॉशसाठी सुझन केअर यांनी ३२×३२ च्या जाळीत चिन्हे काढली, त्यांची सुरुवातीची रेखाटने आलेखाच्या कागदावर झाली. केअर यांनी आधी मोझेक आणि भरतकाम केलेले होते. मॅटीच्या कापडावर घरे मोजून फुलीचे टाके घालणाऱ्या हातांनाही हा हिशेब परका वाटणार नाही.

आज यंत्राची सक्ती उरलेली नाही. तरीही ही शैली टिकली, कारण ती एकट्या माणसाला पेलते. २०१६ चा ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन यांनी चित्रे, संगीत आणि कोड असे सगळे एकट्याने केले. २०१८ चा ‘सेलेस्ट’ मुळात ३२०×१८० पिक्सेलांत रचलेला आहे. ज्याला स्वतःचा छोटा खेळ करायचा आहे त्याच्यासाठी ही उदाहरणे महत्त्वाची आहेत: मोठा चमू आणि मोठा खर्च नसतानाही पुरे काम उभे राहते.

साधनांबाबत नवशिक्यांचा फार वेळ वाया जातो. वास्तविक साधा माऊस पुरतो; चित्रांसाठीचा टॅब्लेट असला तर बरा, नसला तरी काही अडत नाही. डेव्हिड कॅपेलो यांचे ‘एस्प्राइट’ हे या कामासाठी सर्वांत रूढ सॉफ्टवेअर आहे. ते विकत घ्यावे लागते. त्याच्याच जुन्या मुक्त आवृत्तीतून निघालेले ‘लिब्रेस्प्राइट’ फुकट आहे. ‘पिक्सेलोरामा’ही मोफत आणि मुक्त, तर ‘पिस्केल’ काहीही न बसवता ब्राउझरमध्येच चालते. फोनवर ‘पिक्सेल स्टुडिओ’ किंवा ‘डॉटपिक्ट’ने सुरुवात करता येते. ‘गिम्प’ वापरायचे असेल तर ब्रश टाळून पेन्सिल घ्यावी, कारण ब्रश कडेला अर्धवट पारदर्शक पिक्सेल सोडतो आणि ते शोधून पुसत बसावे लागते. पेन्सिल, खोडरबर, रंग भरण्याची बादली, रंग उचलण्याचा ड्रॉपर आणि निवड एवढ्या पाच साधनांवर पहिले कित्येक महिने निघतात.

कॅनव्हासच्या आकारावर मात्र नीट विचार हवा. उत्साहाच्या भरात ६४×६४ किंवा १२८×१२८ निवडला जातो, अधिक जागा म्हणजे अधिक सोपे या समजुतीने. घडते उलटे. ६४×६४ मध्ये ४,०९६ चौकोन असतात, १६×१६ च्या सोळा पट. एवढ्या जागेत शरीररचना, कापडाच्या चुण्या, प्रकाश सगळेच दिसू लागते आणि त्यातले न जमलेलेही दिसते. शिवाय चालीच्या चार किंवा आठ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवायची चित्रे, काढायची तर ते काम तितक्या पटींनी वाढते. पहिला स्प्राइट १६×१६ चाच असावा, आणि तो माणूस नसून वस्तू असावी.

पितळी तांब्या घ्यावा. जाळीच्या वरच्या तीन ओळी रिकाम्या ठेवून चौथ्या ओळीत ८ पिक्सेलांचा काठ. त्याखाली दोन ओळी ६ पिक्सेलांचा गळा. सातव्या ओळीत पोट एकदम १० वर जाते, आठव्या ते अकराव्या ओळीत १२, बाराव्यात पुन्हा १०, आणि तेराव्यात ६ पिक्सेलांची बैठक. सगळे ९४ पिक्सेल आधी एकाच गडद रंगात भरावेत. ही झाली छायाकृती. झूम काढून ती खऱ्या मापात पाहावी. आत काहीही नसताना हा तांब्या आहे हे कळले, तरच पुढे जावे. तो गाडग्यासारखा दिसत असेल तर दोष गळ्यात आहे; कितीही छटा भरल्या तरी तो झाकला जाणार नाही. हीच कसोटी पुढे माणसांना लागते: फेट्याचा तुरा, खांद्यावरची काठी, डोक्यावरची घागर अशा बाहेर डोकावणाऱ्या गोष्टींनीच लहान पात्र ओळखू येते.

पोटाच्या कडेचा चढ इथे पाहण्याजोगा आहे. गळ्यापासून पोटाकडे कड प्रथम २ पिक्सेल बाहेर येते, मग १, मग सरळ खाली. टप्पे असे क्रमाने लहान होत गेले की डोळ्याला वक्र दिसतो. तेच दरवेळी १, १, १ असे घेतले तर पोट तिरके कापल्यासारखे दिसेल. पिक्सेलमधल्या प्रत्येक रेषेचे मर्म टप्प्यांच्या या लांबीत आहे. तिरप्या सरळ रेषेत टप्पे सारखे हवेत, उदाहरणार्थ २, २, २, २. मध्येच २, ३, १, २ आले की रेषा दातेरी होते. वक्रात ते ५, ३, २, १, १ असे उतरत जावेत आणि पुन्हा चढताना तसेच वाढावेत. रेषा वळते त्या कोपऱ्यात जास्तीचा पिक्सेल राहून गेला तर तिथे गाठ पडल्यासारखे दिसते. एस्प्राइटमध्ये ‘पिक्सेल परफेक्ट’ हा पर्याय लावला की असे पिक्सेल आपोआप वगळले जातात, पण ते डोळ्यांनी ओळखता येणेही आवश्यक आहे.

रंग चार पुरेत. पितळ म्हटले की नवशिका एक पिवळा निवडतो आणि त्यात काळा मिसळून सावली व पांढरा मिसळून उजेड तयार करतो. परिणाम मळकट होतो. छटा गडद होताना तिचा रंगही थोडा सरकला पाहिजे: सावलीसाठी जांभळट तपकिरी, त्याच्या वर तांबूस सोनेरी, मग पिवळा, आणि सर्वांत उजळ फिकट लिंबोणी. हे रंग करड्या छटांत बदलून पाहिले तरी चारही वेगळे दिसले पाहिजेत. दोन छटा करड्यात एकच दिसत असतील तर त्यांतली एक काढून टाकण्यालायक आहे. रंगांची निवड जड वाटत असेल त्याने तयार पॅलेट घ्यावे. ‘लोस्पेक’ या संकेतस्थळावर अशी पुष्कळ आहेत, आणि ‘पिको-८’ या काल्पनिक कन्सोलचे १६ रंगांचे पॅलेट शिकण्यासाठी फारच चांगले. ठरलेल्या पॅलेटमुळे एक मोठा फायदा आपोआप मिळतो: वेगवेगळ्या दिवशी काढलेले स्प्राइट एकाच जगातले वाटतात.

आता प्रकाश. तो वरून डावीकडून येतो असे एकदा ठरवले की प्रत्येक स्प्राइटला तेच लागू. तांब्याच्या पोटावर डावीकडे वरच्या बाजूला फिकट लिंबोणीचे दोनच पिक्सेल, त्याभोवती पिवळा, मधला भाग तांबूस सोनेरी आणि उजव्या खालच्या कडेला कोरीसारखी जांभळट सावली. त्या सावलीच्या अगदी बाहेरच्या कडेवर तांबूस सोनेरीचे दोन-तीन पिक्सेल ठेवले की जमिनीवरून परतलेला उजेड दिसतो आणि धातू एकदम धातू वाटू लागतो. गळ्याखाली, काठाची सावली पडते तिथे, एक गडद ओळ विसरू नये.

याच टप्प्यावर बहुतेकांच्या हातून एक चूक होते. बाहेरून आत येत कडेला गडद, मग मध्यम, मधोमध उजळ अशी वर्तुळामागून वर्तुळे भरली जातात. वस्तूचा आकार काहीही असो, ती फुगलेल्या उशीसारखी दिसते. या दोषाला जगभर ‘पिलो शेडिंग’च म्हणतात. प्रकाशाची दिशा ठरलेली नसणे हे त्याचे मूळ. दुसरा दोष म्हणजे भाताच्या शितांसारखे विखुरलेले एकटेदुकटे पिक्सेल. डोळा किंवा चमक सोडल्यास एकटा पिक्सेल सहसा गोंगाट करतो. रंगांचे लहानलहान सलग पुंजके दिसले पाहिजेत. दोन रंगांचे पिक्सेल बुद्धिबळाच्या पटासारखे मांडून तिसऱ्या छटेचा भास करण्याची जुनी रीत, डिदरिंग, मोहक आहे. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते पिक्सेल एकमेकांत विरघळत असत. आजच्या पडद्यावर ते सुटे आणि टोकदार दिसतात, म्हणून १६×१६ मध्ये ती न वापरलेली बरी. कडेला मधल्या छटेचे पिक्सेल ठेवून रेषा मऊ करण्याचेही तसेच: आकृतीच्या आत ते जपून करावे, बाहेरच्या कडेवर मुळीच नाही. खेळात पार्श्वभूमी बदलत राहते, आणि पांढऱ्यावर मऊ दिसलेली कड रात्रीच्या आभाळावर पांढऱ्या मळासारखी उठते.

बाह्यरेषा काळी असावी की नसावी यावर मतभेद आहेत. काळी रेषा पात्राला कुठल्याही पार्श्वभूमीवर सोडवते, पण १६ पिक्सेलांत दोन्ही बाजूंचे दोन पिक्सेल खाते. सरावलेले कलावंत उजेडाच्या बाजूला रेषेला आतल्या रंगाचीच गडद छटा देतात आणि सावलीच्या बाजूला ती जवळजवळ काळी ठेवतात. नवशिक्याने पूर्ण रेषेने सुरुवात करून नंतर ती ठिकठिकाणी सौम्य करून पाहावी. फरक चटकन कळतो.

दहाबारा वस्तू झाल्या की माणूस. १६ पिक्सेल उंचीत खऱ्या प्रमाणाचे शरीर काढले तर डोके दोन पिक्सेलांचे होईल आणि चेहरा नाहीसा. म्हणून डोके निम्म्या उंचीपर्यंत वाढवले जाते. डोळे एक किंवा दोन पिक्सेल उंच, नाक बहुधा नाहीच, तोंड भाव दाखवण्यापुरते. हात-पाय दोन पिक्सेल जाडीचे पुरतात. नायक आणि शत्रू रंगानेच नव्हे, आकारानेही वेगळे हवेत: एक गोलसर तर दुसरा टोकदार.

हालचालीची सुरुवात चालीपासून होते आणि तिला चार फ्रेम पुरतात. पहिल्यात दोन्ही पाय फाकलेले, टाच टेकलेली. दुसऱ्यात एक पाय दुसऱ्याजवळून जातो. तिसरी आणि चौथी म्हणजे तेच, पाय बदलून. जिवंतपणा येतो तो दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेममध्ये धड आणि डोके एक पिक्सेल वर उचलल्याने. एवढ्या एका पिक्सेलाने बाहुली घसरत जाण्याऐवजी पावले टाकू लागते. हात पायांच्या उलट दिशेने हलवावेत. प्रत्येक फ्रेमला १०० ते १५० मिलिसेकंद हा वेळ ठीक असतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला मारिओ तीनच फ्रेममध्ये धावतो. उभ्या पात्राचा श्वास याहून नाजूक आहे: संपूर्ण पिक्सेल सरकवला की उचकी लागल्यासारखे दिसते, म्हणून आकार जागेवर ठेवून फक्त आतल्या छटेची सीमा एका पिक्सेलाने पुढेमागे केली जाते. ब्राझीलचे पेद्रो मेदेइरोस, ज्यांनी ‘सेलेस्ट’वरही काम केले, यांची छोट्या हलत्या चित्रांतून शिकवणारी पाठमाला अशा गोष्टींसाठी मुद्दाम पाहावी.

काढलेले नीट जपणे आणि खेळात नेणे याचेही काही नियम आहेत. फाइल पीएनजी स्वरूपात ठेवावी. जेपीजी चित्र दाबताना कडांभोवती नवे, न मागितलेले रंग निर्माण करते, आणि त्यात पारदर्शकताही नसते. मोठे करायचे तर पूर्ण पटीतच: दुप्पट, तिप्पट, चौपट. दीडपट केल्यास काही पिक्सेल एक घराचे आणि काही दोन घरांचे होतात. मोठे करताना ‘नियरेस्ट नेबर’ ही पद्धत निवडावी; नाहीतर संगणक कडा धूसर करतो. खेळाच्या पडद्याचे माप ठरवतानाही हाच हिशेब चालतो. ३२०×१८० हे माप लोकप्रिय आहे, कारण त्याची सहापट म्हणजे नेमके १९२०×१०८०. एका खेळात सगळ्या स्प्राइटचे पिक्सेल सारख्याच मापाचे दिसले पाहिजेत. १६ चा नायक आणि फुगवून बसवलेला ८ चा शत्रू शेजारी आले की जग फाटते.

सगळ्या फ्रेम एकाच चित्रात रांगेने मांडल्या की स्प्राइट शीट होते. प्रत्येक फ्रेमचे घर सारख्याच मापाचे ठेवावे आणि पात्राचे पाय प्रत्येक घरात त्याच ओळीवर टेकवावेत, म्हणजे खेळात ते जमिनीवरून उड्या मारणार नाही. मूळ फाइल थर (लेअर) आणि फ्रेमसकट वेगळी ठेवावी, कारण पीएनजीमध्ये ते थर उरत नाहीत. तयार स्प्राइट गडद, उजळ आणि मध्यम करड्या अशा तिन्ही पार्श्वभूमींवर तपासावा. या टप्प्यांतून दोन-तीन पात्रे पार पडली की ३२×३२ कडे वळावे. तिथे चारपट चौकोन मिळतात, बोटे आणि कापडाची घडी प्रथमच काढता येतात आणि शरीररचनेचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होतो.